दहादा तपासलेली गोळी

भंडाऱ्याजवळच्या आमच्या शहापुरात हायवेला लागून भूपेंद्र धकातेचं मेडिकल आहे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी त्याने ते टाकलं, म्हणजे १९९९ साली. घराणं पवनीचं, कोष्ट्यांचं. वडील गोपाळराव डोळे साथ देईपर्यंत हातमागावर बसले. भूपेंद्र नागपुरातून डी. फार्म. करून आला, तेव्हा त्यांनी पोराला एकच गोष्ट सांगितली, "आपल्या कामात चुकलं तं कापड फुकट जाते. तुह्या कामात माणूस जाईल. पाहून करजो."

भूपेंद्रने पाहूनच केलं. अठरा वर्षांत त्याच्या दुकानाबद्दल कोणी वाकडा शब्द बोललं नव्हतं.

मी इथल्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर बीपी लागलं आणि दर महिन्याला त्याच्याकडून गोळ्या न्यायची सवय लागली. २०१७ च्या सप्टेंबरात एका दुपारी मी गोळ्या घेऊन घरी आलो, चप्पल काढली, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. भूपेंद्र होता. दुकान सोडून आला होता.

"सर, मघाच्या गोळ्या जरा दाखवता का?"

मी दाखवल्या. त्याने गोळ्यांच्या पत्त्यावरचं, म्हणजे स्ट्रिपवरचं नाव बोट ठेवून वाचलं. मागची बाजू पाहिली. परत पुढची पाहिली. "बरोबर आहे," म्हणाला आणि निघाला. फाटकाची कडी लावता लावता थांबला. "सर, अजून एकदा देता का?"

तो गेल्यावर मी घरात म्हणालो, "असा मेडिकलवाला नशिबानं मिळतो." पुढे हीच गोष्ट मी चारचौघांत कौतुकाने सांगितली. माझ्यासारखे असे कौतुक करणारे गावात बरेच होते, आणि त्या कौतुकाने त्याचं किती नुकसान झालं हे मला फार उशिरा कळलं. पुढचं सगळं मला त्याने स्वतः आणि त्याच्या बायकोने, रंजितावहिनींनी सांगितलेलं आहे. नाव बदलू का, असं मी विचारलं होतं. "कायले बदलता?" तो म्हणाला.

त्या वर्षी फेब्रुवारीत गोपाळराव गेले. आधीचे दोन महिने भूपेंद्र सकाळी दुकान, दुपारी नागपूरचं हॉस्पिटल, संध्याकाळी पुन्हा दुकान असा धावत होता. झोप मोडली ती मोडलीच. एप्रिलमध्ये मारोतराव नावाचे जुने गिऱ्हाईक शुगरची गोळी न्यायला आले आणि अर्ध्या तासात परतले.

"भूपेंद्र, या खेपेले गोळी हिरवी काहून आहे गा? माही तं गुलाबी राहते."

गोळी तीच होती, पण एकच्या जागी दोन मिलिग्रॅमची गेली होती. भूपेंद्रने पत्ता बदलून दिला. मारोतरावांनी एकही गोळी खाल्लेली नव्हती. ते हसले, तंबाखू मळत दोन गोष्टी बोलले आणि गेले. त्यांच्या लेखी विषय तिथं संपला. भूपेंद्रच्या लेखी तो तिथून सुरू झाला. मारोतरावांनी गोळीचा रंग पाहिला नसता तर? त्यांची शुगर एकदम उतरली असती. एकटे राहणारे गृहस्थ, दुपारी घरात कोसळले असते तर कोणाला कळलं असतं? त्याला ते जमिनीवर पडलेले दिसायचे, आणि ते चित्र काही केल्या पुसलं जाईना.

तो प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचू लागला. यात काही वावगं नव्हतं. जूनमध्ये दोनाचे चार झाले. मग पत्ता गिऱ्हाइकाच्या हातात दिल्यावर परत मागून पाहणं आलं. काउंटरवर लोक खोळंबायचे, पण कोणी चिडत नसे. धकाते भाऊ काळजीनं देतात, म्हणायचे. ऑगस्टपासून तो दिलेल्या प्रत्येक औषधाचा चिठ्ठीसकट मोबाइलवर फोटो काढू लागला. जेवताना डाव्या हातात मोबाइल, आणि घास हातातच. एकेक फोटो मोठा करून नाव वाचायचं, ताकद म्हणजे मिलिग्रॅम वाचायचे, पुढचा फोटो. शेवटपर्यंत गेलं की पहिला नीट पाहिला होता का, अशी शंका यायची.

दुपारी रंजितावहिनी काउंटरवर बसायच्या. त्यांना तो दिवसभर विचारायचा.

"त्या बाईले मी बरोबरच दिली ना?"

"हो."

"तू पाह्यलं होतं ना?"

"पाह्यलं होतं. बरोबर होती."

'हो' म्हटलं की त्याचा चेहरा सैल पडायचा. दहा मिनिटं बरी जायची. मग पुन्हा तोच प्रश्न. दिवसातून तीस-चाळीस वेळा त्या 'हो' म्हणत, कधी न ऐकताच. त्याची आई जानकीबाई म्हणायची, "बापावर गेला आहे. तेही एक गाठ राहिली तं अख्खा ताणा तपासत." घरात सगळ्यांनी त्याला स्वभाव म्हणून टाकलं होतं.

नोव्हेंबरात आसगावची गोष्ट झाली. गोदावरीबाई नावाची म्हातारी शहापूरला लेकीकडे आली होती. जाता जाता तिने थायरॉइडच्या गोळ्या घेतल्या आणि एसटीने आसगावला गेली. अर्ध्या तासाने भूपेंद्रला वाटलं, तिचा फोटो हललेला आहे. नाव दिसतं, पण ताकदीचा आकडा पुसट. लेकीकडून फोन नंबर मिळेना. त्याने भर बाजाराच्या दिवशी शटर ओढलं आणि मोटारसायकल पवनीच्या रस्त्याला काढली. तासाभराच्या वर रस्ता.

धानाची कापणी चालू होती. गोदावरीबाई खळ्यावर पोतं अंथरून बसली होती. याला पाहून तिला फार आश्चर्य वाटलं. तिने कमरेच्या बटव्यातून पत्ता काढून दिला. बरोबर होता. ती लोकांना सांगू लागली, "पाहा जी, माह्यासारख्या म्हातारीसाठी एवढ्या दूरून आला. पोटचा पोरगा येत नाही असा." तिने चहा पाजला, डोक्यावरून हात फिरवला.

गावाबाहेर आल्यावर त्याच्या मनात आलं, बटव्यात दोन पत्ते होते. मी पाहिला तो आपल्या दुकानचाच होता का?

त्याने गाडी वळवली. या खेपेला म्हातारी हसली नाही. तिने बटवा पुरा उलटा केला. दुसरा पत्ता साध्या अँटासिडचा होता. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. "बाबू, खरं सांग. मी काही भलतंच खाल्लं का गा?"

"नाही आजी. सगळं बरोबर आहे."

"मंग तू दोनदा काहून आला?"

त्याने गाडीला किक मारली. पंधरा-वीस दिवसांनी तिची लेक दुकानात आली तेव्हा कळलं, की आजीने त्या दिवसापासून गोळ्या खाणंच सोडलं होतं. मेडिकलवाला घाबरलाय म्हणजे गोळीत काहीतरी आहे, असं तिने धरलं. अंगावर सूज आली, तेव्हा लेकीने रागावून पुन्हा सुरू केल्या. लेक हसत सांगत होती.  माणूस जाऊ नये म्हणून भूपेंद्र आसगावला गेला होता, आणि त्याच्या जाण्यानेच म्हातारी आजारी पडली होती.

त्या आठवड्यात त्याने स्वतःवर एक उपाय करून पाहिला. दुकानात झोपेच्या गोळ्या होत्याच. दुसऱ्या कोणी मागितली असती तर त्याने चिठ्ठी मागितली असती. स्वतःला त्याने अर्धी गोळी दिली. चार दिवस घेतली. पाचव्या दिवशी डोकं जड झालं, चिठ्ठ्या वाचताना अक्षरं सरकू लागली, आणि मग तर तपासणं दुप्पट झालं. त्याने ती बंद केली, पण रंजितावहिनींना सांगितलं नाही. त्यांना तो फोडलेला पत्ता शर्टाच्या खिशात सापडला. नंतर त्या मला म्हणाल्या, "सर, मले पहिल्यांदा भीती वाटली. आतापर्यंत नुसता राग येत होता."

डिसेंबरात त्यांच्या मुलीला, कीर्तीला ताप आला. ती तेव्हा दहावीत. दुपारची वेळ, अंग भाजत होतं. रंजितावहिनींनी दुकानात फोन केला, "एक तापाची गोळी घेऊन या." घर दुकानाच्या मागेच, शंभर पावलांवर. पंधरा मिनिटं झाली, कोणी आलं नाही. त्या दुकानात गेल्या. भूपेंद्र आतल्या बाजूला फळीपाशी उभा होता. समोर पॅरासिटामॉलचे चार पत्ते मांडलेले. एकातली गोळी काढून तळहातावर धरलेली. ती ठेवून दुसऱ्या पत्त्यातली काढली. दुकानात सर्वात जास्त खपणारी गोळी ती, डोळे मिटून ओळखला असता असा पत्ता.

"काय करून राहिले तुम्ही?"

"मले समजून नाही राहिलं, रंजिता." तो म्हणाला. "मी वाचतो, तं नाव बरोबर दिसते. देतो म्हटलं तं हात उचलत नाही. तिले काही झालं तं?"

वहिनी बाहेर पडल्या, रस्ता ओलांडून पलीकडच्या मेडिकलमधून एक पत्ता विकत आणला आणि पोरीला गोळी दिली. संध्याकाळी ताप उतरला. पलीकडच्या दुकानदाराने कुतूहलाने विचारलं होतं, "भाभी, तुमच्याकडे संपली का?" त्यांनी हो म्हणून वेळ मारून नेली.

घरी येऊन त्या नवऱ्यासमोर बसल्या. "आता हा स्वभाव नाही राहिला," म्हणाल्या. "आपण कोणाले तरी दाखवू."

"कोणाले? मी का पागल आहो?"

"तुम्ही रोज मनाच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर लोकाईले गोळ्या देता. ते सगळे पागल आहेत का?"

भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजारांची ओपीडी होती, हे त्याला आपल्या दुकानाच्या पत्त्याइतकं ठाऊक होतं. पण तिथल्या बाकावर बसलेले निम्मे लोक त्याचे गिऱ्हाईक. ज्याच्या हाताने आपण औषध घेतो तोच तिथं बसलेला दिसला तर उद्या दुकानात कोण येईल? नागपूरला जाऊ, असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, थोडं थांबून पाहू, थंडी सरली की बरं वाटेल. आधी त्याने अॅसिडिटीची शंका काढून एका डॉक्टरकडे रक्त, ईसीजी सगळं करून घेतलं. सगळं नॉर्मल आलं. तेही त्याने तीन वेळा वाचलं.

मग इश्वर आला. इश्वरचं कारध्याला नदीच्या पुलाजवळ पंक्चरचं दुकान. तीन वर्षांपासून तो महिन्याला एकदा त्या ओपीडीची चिठ्ठी घेऊन यायचा. तिथं न मिळालेली एखादी गोळी भूपेंद्रकडून न्यायचा. कमी बोलणारा, धट्टाकट्टा माणूस. त्या दिवशी दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"इश्वरभाऊ," भूपेंद्र म्हणाला, "एक विचारू? तुम्ही पहिल्यांदा गेले, तेव्हा कसं ठरवलं की आता जाचं?"

इश्वरने त्याच्याकडे पाहिलं. लपवाछपवी न करता सांगायला लागला. "ठरवलं कुठी, भाऊ? मी तं पोट दुखते म्हनून एक साल फिरलो. भूक नाही, काम नाही, बायकोशी बोलनं नाही. पान्याकडं पाहत पुलावर उभा राहो. एक रोज बायको आली अन् हात धरून घेऊन गेली. मले आता वाटते, एक साल पह्यलेच गेलो असतो तं पोरीच्या लग्नात मी चांगला राह्यलो असतो. तिच्या लग्नाचं मले काहीच आठवत नाही."

"पण माणसाले कळते कसं, की वेळ झाली?"

"तुम्ही मले विचारून राहिले न?" इश्वर म्हणाला. "मंग झाली."

तो गुरुवार होता. पुढच्या सोमवारी भूपेंद्र आणि रंजितावहिनी भंडाऱ्याला गेले. बाकावर ओळखीचे तिघं भेटले. एकाने "कोणाले घेऊन आले?" असं विचारलं. भूपेंद्र म्हणाला, "मीच आलो." त्या माणसाने सरकून जागा करून दिली आणि आपला नंबर कितवा आहे ते सांगितलं. एवढंच झालं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, तपासलं आणि शेजारच्या खोलीत समुपदेशनासाठी पाठवलं. तिथं गुंजन मॅडम होत्या, तिशीच्या. त्यांनी विचारलं, "या तपासण्यात दिवसाचा किती वेळ जातो?"

"अर्धा-पाऊण तास," भूपेंद्र म्हणाला.

"मॅडम, पाच तास," रंजितावहिनी म्हणाल्या. "दुकानातले तीन, घरी मोबाइलवरचे दोन. अन् मले विचारते ते वेगळं."

भूपेंद्रने बायकोकडे पाहिलं. त्याला खरंच हा आकडा माहीत नव्हता.

"मी पागल होऊन राहिलो का, मॅडम?" त्याने विचारलं.

"नाही. तपासायची गरज नाही, हे तुम्हाला कळतं ना?"

"कळते."

"तरी थांबता येत नाही. याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. काळजी घेणारा माणूस एकदा पाहतो आणि त्याचं काम संपतं. तुमचं संपत नाही. जेवण, झोप, धंदा, पोरीचा ताप, सगळ्यात ते घुसलं आहे. असं घुसायला लागलं की यायचं असतं. त्याच्याही आधी आलात तर आणखी चांगलं."

भूपेंद्र म्हणाला, "मले एवढंच सांगा, की माह्या हातून पुन्हा चूक होणार नाही."

"ते मी सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "कोणीच सांगू शकत नाही. तुम्ही अठरा वर्षं ते न विचारता दुकान चालवलं. ते पुन्हा शिकायचं आहे."

डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडू नका, असं बजावलं. भूपेंद्रला ती गोळी पाठ होती. दवाखान्याच्या खिडकीवर पत्ता मिळाल्यावर त्याने तो बाहेर उभं राहून सात वेळा वाचला. वहिनींनी मोजलं. नंतर ते दोघं याच्यावर पुष्कळ हसले, पण त्या दिवशी कोणाला हसू आलं नव्हतं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. मॅडमनी त्याच्याकडून कागदावर पायऱ्या लिहून घेतल्या. सर्वात खाली कापसाचं बंडल: फोटो न काढता द्यायचं. त्याच्यावर ओआरएस, मग मलम, तापाची गोळी, बीपीची. सर्वात वर मारोतरावांची शुगरची गोळी. नियम असा, की चिठ्ठी आणि पत्ता एकदा नीट जुळवून पाहायचा, कारण ते मेडिकलवाल्याचं कामच आहे. दुसऱ्यांदा पाहायचं नाही, फोटो नाही, फोन नाही. छातीत धडधड होईल, घाम येईल, होऊ द्यायचं. शून्य ते दहात किती भीती वाटते तो आकडा लिहायचा आणि ती उतरेपर्यंत काही न करता थांबायचं. "भीती आपोआप उतरते," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तिला कधी उतरू दिलंच नाही. दर वेळी पत्ता पाहून तिला थांबवलं, म्हणून ती परत आली."

घरच्यांसाठीही एक नियम होता, आणि तो सगळ्यात जड गेला. त्याने विचारलं तर 'हो' म्हणायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याने एका बाईला ओआरएस दिलं. ती गेल्यावर तो वळला.

"रंजिता, ओआरएसच दिलं ना मी?"

"माहीत नाही."

"तू तं इथंच बसली होती!"

"होती. पण सांगणार नाही. मॅडमनं सांगितलं आहे."

त्याचा पारा चढला. अठरा वर्षांत त्याने बायकोवर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. हातातलं पुसायचं फडकं त्याने काउंटरवर आपटलं. जानकीबाई दुपारच्या चहाचं पातेलं घेऊन आल्या होत्या, त्या मध्ये पडल्या. "सुनबाई, पोरगा घामानं भिजून राहिला. हो म्हणून टाक न. काय जाते तुयं?"

"आई, हो म्हणून म्हणूनच इथपर्यंत आलं," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

भूपेंद्र स्टुलावर बसून राहिला. कागदावर नऊ लिहिलं. मग आठ, बराच वेळ आठच. चाळीस मिनिटांनी चार झाले. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "उतरली." जानकीबाईंनी चहा पुन्हा गरम करून आणला.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मार्चमध्ये कीर्तीची परीक्षा चालू असताना तो दोन आठवडे मॅडमकडे गेलाच नाही आणि लपून फोटो काढू लागला. कीर्तीनेच त्याला पकडलं. "बाबा, मी पेपरात एक गणित दहा वेळा तपासत बसली तं बाकीचे सुटतील का?" असं विचारलं. तिला वाटलं, बाबा चिडतील. तो म्हणाला, "नाही सुटणार." मग मोबाइल तिच्याच हातात दिला आणि जुने सगळे फोटो पुसायला सांगितले. चार हजारांच्या वर होते. ती पुसत होती तोवर तो अंगणात येरझाऱ्या घालत होता.

मे महिन्यात त्याच्या हातून खरीच एक चूक झाली. कृष्णराव नावाच्या शेतकऱ्याला खाजेच्या मलमाऐवजी त्याच कंपनीचं, तसल्याच डबीतलं दुसरं मलम गेलं. कृष्णराव दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले. "हे नोहे, भाऊ. चिठ्ठीत दुसरं आहे." वहिनी काउंटरवरच होत्या.  पाच महिन्यांचं सगळं पाण्यात जाणार असं त्यांना वाटलं. भूपेंद्रने डबी हातात घेतली, चिठ्ठी पाहिली. "चुकलं माझं," म्हणाला. योग्य मलम दिलं, आधीचं लावलं होतं का आणि त्रास झाला का ते विचारलं. लावलं नव्हतं. मग त्या दोन मलमांच्या डब्या शेजारी शेजारी ठेवल्यामुळे घोळ झाला हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून एक वरच्या फळीवर हलवली. कृष्णराव गेले. त्या दिवशी त्याच्या कागदावर सहा लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलंच नाही, कारण आठवण राहिली नाही.

जूनमध्ये तो आसगावला गेला, पण गोळी पाहायला नाही. गोदावरीबाईच्या खळ्याजवळच्या घरी बसला आणि तिला सांगितलं, "आजी, तेव्हा गोळी बरोबर होती. आजार मले होता." म्हातारीने विचारलं, "कायचा?" "संशयाचा," तो म्हणाला. तिने थोडा विचार केला. "औषध खाल्लं न?" "खाऊन राहिलो." "मंग झालं," म्हणाली आणि तांदळाची अर्धी पायली बळेच पिशवीत घातली.

सगळ्यात वरची पायरी, शुगरची गोळी, त्याने त्या पावसाळ्यात पार केली. मारोतरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते आले, गोळी घेतली, तंबाखू मळत गेले. वर्षभराने डॉक्टरांनी त्याची गोळी हळूहळू कमी केली. मॅडमकडे जाणं महिन्यावरून तीन महिन्यांवर आलं.

२०२० चा कोरोना आला तेव्हा त्याचं दुकान गावातलं सगळ्यात गजबजलेलं ठिकाण झालं. सगळं जग हात धुवत होतं, पुसत होतं, त्यामुळे कुठपर्यंतचं धुणं शहाणपणाचं आणि कुठून पुढचं आजाराचं, हे त्याला कळेनासं झालं. एका सकाळी तो घरी येऊन पिशवीतली भाजी तिसऱ्यांदा धुवायला लागला आणि मधेच थांबला. ओले हात पुसून त्याने फोन उचलला. गुंजन मॅडमना म्हणाला, "चार दिवसापासून सुरू झालं आहे, मॅडम. अजून घरच्याईच्या लक्षात नाही आलं, पण माह्या आलं आहे." पहिल्या वेळी त्याला मॅडमपर्यंत पोचायला नऊ महिने लागले होते. या वेळी फोनवरच्या पाच बैठकांत आणि जुनी गोळी काही महिने पुन्हा घेऊन ते आटोक्यात आलं.

आता तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे. दुकान तसंच चाललं आहे. त्याला वाटलं होतं तसे गिऱ्हाईक तुटले नाहीत. दोन-तीन घरं पलीकडच्या मेडिकलकडे गेली, तेवढीच. त्याबदल्यात काही लोक दुकान रिकामं असण्याची वाट पाहून येतात. झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मागायला कोणी आलं की तो देत नाही, पण नुसतं नाहीही म्हणत नाही. किती दिवसांपासून झोप नाही, जेवण जातं का, कामात मन लागतं का, जीव नकोसा होतो का, असं विचारतो. शेवटच्या प्रश्नाला कोणी मान हलवली तर शटर अर्धं ओढून स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन जातो. बाकीच्यांना ओपीडीचा वार आणि खोलीचा नंबर सांगतो. काही जातात, काही जात नाहीत.

परवा मी बीपीच्या गोळ्या आणायला गेलो. त्याने चिठ्ठी वाचली, पत्ता काढला, एकदा जुळवला, पिशवीत टाकला आणि पुढच्या माणसाकडे वळला. माझं नेहमीचं बोलणं सुरू व्हायच्या आत म्हणाला, "सर, थोडं बाजूले उभं राहाल का? गर्दी आहे."